ओठाच्या आतला फोड

उंद्री, मंगळवार, संध्याकाळ

प्रमोदनं माझं पहिल्यांदा चुंबन घेतलं त्याला नऊ दिवस झाले, आणि रोज मी आरशात ओठाच्या आतला फोडच पाहतेय. पुढच्या महिन्यात आमचं लग्न. तो विधुर. त्याची पहिली बायको झिजत गेली. कशानं, ते मी विचारलंच नव्हतं.

आज शाळा सुटल्यावर शेवटी चिखलीच्या सरकारी दवाखान्यात गेले. तिथल्या समुपदेशक ताई म्हणाल्या, "चुंबनानं एचआयव्ही होत नाही, मॅडम. फोड तर दात लागून झालेला दिसतो." सुटले. तरी रडू का आलं? त्याच्यावर संशय घेतला म्हणून?

स्टँडवरून त्यालाच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. ऐकून तो म्हणाला,

"तिले कॅन्सर होता. तू मले इचारलं काऊन नाही?"

"लाज वाटली."

"मले वाटे, तिचं नाव काढलेलं तुले आवडणार नाही." मग हळूच म्हणाला, "उद्या मीबी तपासून घेतो. तुह्या मनात काही राहू नये."

"आपण दोघंही जाऊ," मी म्हटलं.

मग तो तिच्याबद्दल, सुनंदाबद्दल, बोलत राहिला. ऐकता ऐकता मी दोन एसट्या जाऊ दिल्या.