अम्पारोची अंगाई

मी, एलिसेओ लुसेरो, वय बावीस, राहणार मेसिया खोरे, न्यू मेक्सिको, असं लिहून ठेवतो की आज माझं डोकं ठिकाणावर आहे. (आजीच्या मते हे वर्षातून दोनदाच घडतं, तेव्हा तारीख जपून ठेवावी.) सोमवारी मी जंगलातली आग विझवणाऱ्या तुकडीबरोबर डोंगरात जातो आहे. आमचे मुकादम रोमुलो बाका प्रत्येक नव्या माणसाकडून असा मृत्युपत्राचा कागद लिहून घेतात. मजवर कोणाचं दडपण नाही. लाज आहे, ती दडपणात धरतात का, हे मला ठाऊक नाही.

१. आजोबांची पिकअप धाकटी बहीण ओफेलिया हिला. डावं दार बाहेरूनच उघडतं, तेव्हा आतून उतरताना काच खाली करून हात बाहेर काढावा. पाट उपसायचं फावडंही तिलाच. "पोरीला फावडं कशाला?" असं जे काका विचारतील त्यांना फावड्याचा दांडा दाखवावा.

२. कॉलेजातल्या स्पॅनिशच्या सरांवरचा राग. माझी कविता वाचून ते भर वर्गात म्हणाले होते, "लुसेरो, ही स्वयंपाकघरातली भाषा आहे." मी वही त्यांच्या टेबलावर आपटली आणि दुसऱ्या वर्षातच कॉलेज सोडलं. हा राग कोणाच्या नावे करावा म्हणून बराच विचार केला. पण त्याच स्वयंपाकघरात शिरून मी पुढे जी चोरी केली, तिच्यानंतर रागावायचा हक्क मला उरलेला नाही. राग माफ. सरांना पुस्तकाची एक प्रत द्यावी, कलम ५ प्रमाणे दुरुस्त केलेली.

३. ते पुस्तक. 'आजीच्या ॲप्रनचा खिसा', मुलांसाठी, डाव्या पानावर स्पॅनिश, उजव्यावर इंग्रजी. मुखपृष्ठावर कवी म्हणून माझं नाव आहे. त्यातली एकही ओळ माझी नाही. सगळी माझी आजी एउलालिया लुसेरो हिची. तिला लिहिता येत नाही. घरात मूल जन्मलं की तोर्तिया लाटता लाटता ती त्याच्यासाठी एक गाणं रचते, शेवटच्या ओळीत त्याचं नाव घालते, आणि मग ते गाणं त्या मुलाचंच. दुसऱ्याला म्हणायचं नाही, म्हटलं तर नजर लागते. मी ती गाणी उतरवून घेतली, उजव्या पानापुरती इंग्रजीत केली आणि चित्रांसाठी मारिसेला आर्मिहोकडे नेली. ती वाचून डोळे पुसत म्हणाली, "हे तू लिहिलंस?" मी म्हणालो, "हो."

त्या एका 'हो'वर मी सव्वा वर्ष चैन केली.

४. याहून वाईट आहे ते आता लिहितो. शेवटचं गाणं अंगाई आहे:

मिरचीचं रोप निजलं, पाटाचं पाणी निजलं,
आता तूही नीज, अम्पारो, अंगण सारं निजलं.

अम्पारो माझी आत्या. कांदा काढणीच्या छावणीत तापाने गेली, चार वर्षांची असताना. दर नोव्हेंबरात मृतांच्या दिवशी आजी तिचा फोटो मांडते, शेजारी केसांची निळी फीत. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी 'अम्पारो' काढून 'मारिसेला' घातलं. प्रेमात होतो म्हणून. आहे अजून.

एप्रिलअखेर गावच्या लायब्ररीत मुलांचा आणि पुस्तकांचा दिवस झाला. आजीने महिनाभर अंड्यांची टरफलं जमवून, रंगवून, आत कागदाचे कपटे भरून ठेवले होते. मुलं ती कवीच्या डोक्यावर फोडतात. चाळीस पोरांनी एका सुरात अंगाई म्हटली. मागच्या रांगेत आजीचे ओठ हलत होते. "आता तूही नीज," आणि ते थांबले. पोरं ओरडली, "मारिसेला!" आणि टरफलं घेऊन माझ्यावर धावली.

कोणीतरी आजीला विचारलं, "नातवाने छान लिहिलंय, नाही का?"

"छान," आजी म्हणाली. "त्यानेच शिकवलं मला."

परतताना गाडीत तिने एवढंच विचारलं, "त्या पोरीला मागणी घातलीस का रे?"

"नाही, आजी."

"मग घाल, गाढवा. माझ्या पोरीचं काढून तिला दिलंस ना? निदान ती तरी घरात येऊ दे."

केसांतले कपटे मी रडत रडत वेचले. पिकअपमध्ये अजून सापडतात. ओफेलियाने ते झाडू नयेत.

५. तीनशे प्रतींपैकी जेवढ्या हाती लागतील तेवढ्यांवर माझं नाव खोडून आजीचं लिहावं. अंगाईत, दोन्ही पानांवर, अम्पारो. बँकेत जे असेल ते दुसऱ्या छपाईला. मी परतलो नाही, तर नोव्हेंबरात माझा फोटो अम्पारोच्या फोटोच्या खाली मांडावा, शेजारी नको.

६. मारिसेलाला काही ठेवलेलं नाही. साक्षीदाराला काही देता येत नाही, असं रोमुलो सांगतात. खरं तर हा कागद मी गेल्यावरच उघडावा, असं आधी लिहिलं होतं. ते वाचून रोमुलो म्हणाले, "म्हणजे मेल्यावर कबुली? आगीत शिरायला निघालास आणि एका पोरीला भितोस?" म्हणून तिला बोलावलं. मी हे कलम लिहितो आहे आणि समोर बसून ती आधीची पानं वाचते आहे. चौथ्या कलमावर आली आहे. पान उलटत नाही.

एलिसेओ लुसेरो
मेसिया खोरे, १९ मे २०१८

साक्षीदार:

१. रोमुलो बाका, मुकादम. माझ्यासमोर सही केली. पूर्ण शुद्धीत होता.

२. मारिसेला आर्मिहो. सगळं वाचलं. सही साक्षीदार म्हणून केली आहे, दुसरा अर्थ काढू नये. माझ्या प्रतीतलं माझं नाव मी आत्ताच खोडलं. पण अंगाईच्या चित्रातल्या मुलीला मी माझाच चेहरा दिला होता, तो असा खोडता येणार नाही. सोमवारच्या आत मला आजीकडे ने. अम्पारो कशी दिसायची, ते त्यांना विचारायचं आहे. आणि मी विचारण्याआधी चोरीचं बोलायचं तू.