तळ्यातले सदतीस अंश

३ ऑक्टोबर
पोचले एकदाची! चढून चढून पायांचे तुकडे पडले, पण हवामान केंद्रावरची खोली पाहून मन हरखलं. एक खाट, एक शेगडी आणि खिडकीत अख्खं तळं. काम सोपं आहे: रोज सकाळी पाऊस मोजायचा, हवेचं तापमान घ्यायचं, ओढ्याची पातळी वाचायची. शिवाय तळ्यात वीस मीटरचा दोर सोडलाय, त्याला दर पाच मीटरवर एक तापमापक. त्यांचे आकडे खोलीतल्या यंत्रावर दिसतात.
गेल्या वर्षापर्यंत हे सगळं माझा दादा करायचा. याच तळ्यात तो बुडाला, सापडलाच नाही. म्हणून तर मी ही जागा मागून घेतली. वनरक्षक काका म्हणाले, भावासारखीच हट्टी दिसतेस. म्हटलं, त्याच्याहून जास्त.

६ ऑक्टोबर
दादाची लोकरी टोपी अजून खुंटीवर आहे. मी ही घातली की तो मला चिडवायचा, मिरचे, माझी टोपी दे म्हणून. आज घातली आणि हमसून हमसून रडले. मग नाक पुसून पाऊस मोजायला गेले. शून्य.

९ ऑक्टोबर
तळाचा तापमापक बिघडलाय बहुतेक. वर सगळीकडे पाच अंश, तळाशी सदतीस. माणसाच्या अंगाइतकं! काकांना गंमत म्हणून सांगितलं, तर त्यांचा चेहराच उतरला. दोर आजच्या आज कापून टाक, म्हणाले. कारण काही सांगेनात.

१० ऑक्टोबर
तळाशी पुन्हा पाच. सदतीस आता पंधरा मीटरवर. म्हणजे तापमापक ठीक आहे. काहीतरी उबदार, दोर धरून वर चढतंय.
घाबरायला हवं होतं. पण मनात एवढंच आलं की दादा पोहण्यात कच्चा होता, तो दोर धरूनच येणार.

११ ऑक्टोबर
दहा मीटर. काका चाकू घेऊन आले. मी अंगावर धावून गेले त्यांच्या. डोळे पुसत परत फिरले बिचारे. जाता जाता म्हणाले, तुझ्या भावानंही असंच केलं होतं, त्याची वही बघ.

१२ ऑक्टोबर
पाच मीटर.
वही सापडली. गेला ऑक्टोबर. वीस, पंधरा, दहा, पाच — तेच सदतीस. शेवटच्या आकड्यापुढे दादाचं अक्षर: आई येतेय.
आईनं हे तळं कधी पाहिलंही नव्हतं. ती त्याच्या आदल्या वर्षीच वारली, घरी, अंथरुणात, माझा हात धरून.
म्हणजे ती आई नव्हती.
म्हणजे हा दादा —

१३ ऑक्टोबर
चाकू घेऊन काठावर गेले. दोर हातात धरला. गरम होता. कापवेना — तशीच खोलीत परतले.
आता सगळे तापमापक पाचवर. तळ्यात काही नाही. दारासमोरची पायरी ओली —
हा दादा नाही. मला माहीत आहे. दादा नाही.
पण बाहेरून मिरचे म्हणतोय. त्याच आवाजात. गारठलोय म्हणतोय, टोपी मागतोय —
फक्त टोपी द्यायला. एकदाच. दार —