रेकॉर्डवर वाजतो तो

३ फेब्रुवारी १९६४, लंडन

माझे ड्रम व्हॅनमधून उतरवूच दिले नाहीत! आमच्या रॉक बँडची पहिली रेकॉर्ड, आणि ड्रम वाजवायला भाड्याचा माणूस. आर्थर पास्क. डोक्यावर टक्कल, अंगात बायकोने विणलेला स्वेटर, डब्यात चीजचं सँडविच. निर्माते क्वेनेल माझी पाठ थोपटत म्हणाले, "मनाला लावून घेऊ नकोस. नव्या पोरांचं सगळीकडे असंच करतात. रेकॉर्डवर तो, स्टेजवर तू."

माझ्या हातात डफली दिली. लहान मुलाला खुळखुळा द्यावा तशी! पास्कने सुरावटीचा कागद एकदा वाचला, काठ्या उचलल्या आणि पहिल्याच दमात गाणं वाजवून मोकळा झाला. काय वाजवतो मेला! तेच तर सहन होत नाही.

"घरी कुणी बोलायचं नाही," लेनीने बजावलं. लेनी आमचा गायक. त्याला बोलायला काय जातं? रेकॉर्डवर गळा त्याचाच आहे.

९ मार्च, विलेनहॉल

गाणं रेडिओवर लागलं. आईने शेजारच्या मिसेस यार्डलींना हाताला धरून आणलं. बाबा कुलपांच्या कारखान्यातून आलेले, हातही न धुता टेबलावर ताल धरून बसले.

"ऐकलंस का गं, हा आमचा नॉर्मन!" आई. "लहानपणी माझी पातेली फोडली यानेच."

मी चिप्स खात होतो. बशी बाजूला सरकवली. आई ज्या हातांवर जीव ओवाळून टाकत होती ते पास्कचे होते.

१७ मार्च

गाणं खपाच्या यादीत वर चढतंय. पास्कला पडसं होवो, पाठ धरो, काहीही होवो.

२६ मार्च

टीव्हीवर आमचा कार्यक्रम. तिथे रेकॉर्ड लावतात, आम्ही नुसतं वाजवल्याचं सोंग करायचं. आवाज होऊ नये म्हणून झांजांवर रबर. आठवडाभर रेकॉर्डबरोबर घोकंपट्टी केली होती. तरी दुसऱ्या कडव्यानंतर पास्क जिथे गप्प बसतो तिथेच मी जोरात ठोका हाणला! हात खाली आला आणि आवाज कसलाच नाही. कॅमेरा नेमका माझ्यावर.

मेलो, म्हटलं. आता सगळ्यांना कळणार आणि बँडमधून माझी उचलबांगडी होणार.

घरी आलो तर बाबा लालबुंद. "तुझा एक ठोका खाल्ला रे टीव्हीवाल्यांनी! त्यांना फोन करून झाडतोच."

हसावं की रडावं? पाया पडून फोन खाली ठेवायला लावला.

११ एप्रिल

डडलीच्या डान्स हॉलमध्ये कार्यक्रम. गर्दी मरणाची. आज मुद्दाम माझ्या पद्धतीने वाजवलं, सगळा जोर लावून. संपल्यावर एक पोरगी जवळ आली. छान होती दिसायला. म्हणाली, "रेकॉर्डवर किती मस्त वाजवतोस रे! आज बरं नव्हतं का तुला?"

बरं नव्हतं म्हणालो!

सगळी वाहवा माझी, आणि त्यातली एकही माझी नाही. त्या टकल्याला तर काही पडलेलीही नसेल. वाजवतो, सँडविच खातो, घरी जातो. एवढं चांगलं वाजवायचं आणि त्याचं काहीच वाटू नये? माझा जळफळाट होतो तो यानेच.

५ मे

उद्या दुसरी रेकॉर्ड. क्वेनेलसाहेबांना फोन केला. म्हटलं, या वेळी मला वाजवू द्या, हवं तर आधी परीक्षा घ्या. "पास्कला सांगून झालंय, नॉर्मन. चाललंय ते चालू दे."

ठीक आहे. मग उद्या पास्कलाच गाठतो. बास झालं, बाजूला हो, असं तोंडावर सांगणार.

६ मे, लंडन

मी तोंड उघडायच्या आत पास्कच चहाचा कप घेऊन स्टुडिओच्या कँटीनमध्ये माझ्या टेबलाशी आला. दुसऱ्या हातात माझा फोटो, मासिकातून कापलेला.

"माझी मुलगी डॉरीन," तो म्हणाला, "तुझ्यावर फार जीव टाकते. सही देशील का रे पोरा?"

"तिला सांगितलं नाहीत, की ते तुम्ही वाजवलंय?"

"सांगितलं ना. पोट धरधरून हसली. म्हणाली, बाबा, तुम्ही? काहीतरीच!"

सही केली. शाई फिसकटू नये म्हणून त्याने हळूच फुंकर घातली, फोटो खिशात ठेवला आणि आत वाजवायला गेला.