कोट फक्त पाहुण्यांसाठी

सोमवार, २ तारीख

नोकरी मिळाली! बाहेर डांबर वितळेल असं ऊन, आणि माझी नोकरी बर्फात. या नव्या रेस्टॉरंटमध्ये भिंती बर्फाच्या, टेबलं बर्फाची, सरबताचे पेलेसुद्धा बर्फाचे. पाहुण्यांना दारातच गुडघ्याखाली येणारा जाड कोट, हातमोजे आणि कानटोपी मिळते. मग ती सगळी माणसं निळ्या दिव्यांखाली अस्वलांसारखी बसतात, फोटो काढतात आणि थंडी वाजली म्हणून खूश होतात. मी या शहरात मावशीकडे राहते. पंख्याखाली घामाघूम होऊन बसलेली मावशी म्हणाली, नशीब काढलंस बाई.

मुलाखतीत मॅनेजरने माझी प्रमाणपत्रं उघडलीही नाहीत. चालून दाखव म्हणाला, मग पाठमोरी वळ म्हणाला. मी म्हटलं, ट्रे घेऊन उलटं चालायचंय की काय? खूप हसला. नंतर एका शिवणारीने टेपने मापं घेतली. प्रमाणपत्रांपेक्षा ती फार बारकाईने बघितली गेली.

घरी फोन केला. धाकटी बहीण शेवटची परीक्षा देऊन रिकामी बसलीय. एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. मी तिखटमीठ लावून सगळं सांगितलं. लगेच म्हणाली, ताई, मलाही तिथे चिकटव ना. म्हटलं, आधी मला नीट चिकटू दे.

मंगळवार, ३

युनिफॉर्म आला. रुपेरी, बिनबाह्यांचा, पाठ सगळी उघडी, आणि मांडीपर्यंत येता येता कापड संपलेलं. पायात उंच टाचेच्या, नुसत्या पट्ट्यांच्या सँडल. बर्फाच्या फरशीवर!

मॅनेजरला विचारलं, माझा कोट कुठला? दाराशी खुंट्यांवर कोटांची रांगच्या रांग लटकत होती. तो गोड आवाजात म्हणाला की ते पाहुण्यांचे. वाढणारीनेही कोट चढवला तर पाहुण्यांनी बघायचं काय, एकमेकांची पोती? हे सगळं तो स्वतः कोट, हातमोजे आणि कानटोपी घालून सांगत होता. मी म्हटलं, मग तुम्हीच घाला ना रुपेरी, तुमच्याकडेही बघतील. बाकीच्या पोरी हसल्या नाहीत. त्याने माझ्या उघड्या दंडावर हातमोज्याने थोपटलं आणि सवय होईल बाळा, असं म्हणाला.

दारावर पाटी आहे. तब्येतीच्या कारणास्तव पाहुण्यांनी अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ आत थांबू नये. आम्ही दुपारपासून दिवे लागून कितीतरी वेळ होईपर्यंत आतच असतो. आमच्यासाठी पाटी नाही.

शुक्रवार, ६

दात इतके वाजतात की ऑर्डर सांगताना प्रत्येक शब्द दोनदा बाहेर येतो. आज एका गृहस्थांच्या मांडीवर सरबत सांडलं. मॅनेजर म्हणाला की कुडकुडणारी मुलगी बघून पाहुण्यांना अपराधी वाटतं, ते काय त्यासाठी येतात? हसायचं. मनात म्हटलं, हसतील त्यांचे दात दिसतील, माझे तर वाजतायतही.

माझ्याबरोबर आणखी एक नवी लागलीय. जाड भिंगांचा चष्मा होता, म्हणून मी तिला चष्मेवाली म्हणते. होता म्हणजे, पहिल्याच दिवशी काढायला लावला, चष्मा शोभत नाही म्हणून. आता बिचारी फरशीवरचा ओला भाग आणि कोरडा भाग ओळखू शकत नाही. आज दोनदा आपटली. दुसऱ्या वेळी कोपऱ्यातल्या टेबलाने टाळ्या वाजवल्या. मला असा संताप आला की क्षणभर थंडीसुद्धा वाजली नाही.

जुन्यांपैकी एकीला सगळे मोठी म्हणतात. ती अजिबात कुडकुडत नाही. ट्रेमधला पेला हलतसुद्धा नाही. तिला विचारलं, हे कसं जमतं? म्हणाली, वाजते तोवरच त्रास गं.

मंगळवार, १०

कोपऱ्यातल्या टेबलाचा एक खेळ आहे. वाढणारी वाकली की पेल्यातला बर्फाचा खडा तिच्या पाठीला लावायचा आणि ती किंचाळते का ते बघायचं. आज माझी पाळी. मी किंचाळले, वर चार शब्द सुनावलेही. मॅनेजरने मला बाजूला नेलं आणि फार समजुतीने सांगितलं की ते नेहमीचे पाहुणे आहेत, आणि मोठीने कधी तक्रार केलेली नाही.

दुपारी सुरक्षेची तपासणी झाली. आलेल्या साहेबांना कोट मिळाला. त्यांनी पाहुण्यांचे कोट तपासले, आग लागली तर बाहेर पडायचं दार तपासलं, भिंतीवरचा तापमापक वाचला आणि बराच वेळ आमच्या पायांकडे बघितलं. मग विचारलं, मुलींना काही त्रास? सगळ्यांनी नाही म्हणून माना हलवल्या. मी सांगणार होते. खरंच सांगणार होते, पण तोंड उघडलं आणि दातच वाजत राहिले, शब्द फुटेना. त्यांना वाटलं मी हसतेय. तेही हसले. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

शुक्रवार, १३

एका पाहुण्याने मोठीबरोबर फोटो काढला आणि मला दाखवला. फोटोत त्याच्या तोंडातून वाफ निघतेय. त्याच्या बायकोच्या, मागच्या टेबलावरच्या पोराच्या, कडेला उभ्या असलेल्या माझ्यासुद्धा. मोठीच्या तोंडातून नाही. तोंड उघडं आहे, हसतेय.

नंतर दिवसभर मी तेच बघत राहिले. बाकीच्या जुन्या तिघींच्याही तोंडासमोर काही नाही. बोलतात, हसतात, पण वाफ नाही.

चष्मेवालीला सांगितलं. म्हणाली, मला चष्म्याशिवाय समोरचं टेबल दिसत नाही, वाफ कुठली दिसायला.

मंगळवार, १७

चष्मेवालीच्या हातात पेला फुटला. तळहात अंगठ्यापासून मनगटापर्यंत चिरला गेला. मी धावले. ती हाताकडे बघत होती, कुतूहलाने, जणू दुसऱ्या कोणाचा हात. दुखत नाही म्हणाली. रक्त आलं नाही. आत पांढरं होतं, सगळीकडे सारखं, शहाळ्यातल्या खोबऱ्यासारखं.

मॅनेजरने बघितलं आणि तिच्या पाठीवर शाबासकी दिली. आता कशी आमची झालीस, म्हणाला.

नोकरी सोडायची. ठरलं. चुलीत गेला बर्फ.

बुधवार, १८

सकाळी सांगून टाकलं. तो अजिबात रागावला नाही. म्हणाला, जा की. तुझी बहीण येतेच आहे. तिने स्वतः फोन केला होता, फोटोही पाठवलाय, तुझ्यापेक्षा उंच आहे.

भिंगरीला तिथूनच फोन लावला. येऊ नकोस, इथे काही बरं नाही, असं दहा वेळा सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. म्हणाली, तूच तर सांगत होतीस किती मजा आहे, आता मी येते म्हटल्यावर पोटात दुखायला लागलं का? आणि मग म्हणाली, ताई, मोठ्याने बोल ना, आवाज येत नाहीये.

मी ओरडत होते.

आरशासमोर उभी राहिले. आरशावर फुंकर मारली. परत मारली.

आरसा स्वच्छच राहिला.

शुक्रवार, २०

नोकरी सोडून घरी बसले होते. मावशीने चहा दिला. गरम लागला नाही. पंखा बंद कर म्हटलं तर तिला ऐकू गेलं नाही, तिने तो वाढवला. खिडकीतून ऊन माझ्या पायांवर येत होतं. बरं वाटेल म्हणून मी तिथेच बसून राहिले.

मावशी ओरडली, एवढं पाणी कोणी सांडलं? खुर्चीखाली थारोळं होतं. तिने फडक्याने पुसलं. पुन्हा झालं. मग तिने माझ्या पायांकडे बघितलं. मीही बघितलं. करंगळी—

मावशी डॉक्टरला आणायला धावली. मी तिची वाट बघितली नाही. मला एकच जागा सुचली. लाज वाटतेय लिहायला, पण मी रिक्षा करून परत बर्फात आले. दारातून आत पाऊल टाकलं आणि जीवात जीव आला.

मॅनेजरने युनिफॉर्म पुढे केला.

रविवार, २२

मागे एक खोली आहे. जुन्या तिथेच राहतात. आता कळलं त्या घरी का जात नाहीत. चष्मेवालीही आलीय.

इथे पेन चालत नाही. पेन्सिलीने लिहितेय.

भिंगरीला मेसेज करायचा होता. फोनच्या काचेला माझं बोट कळत नाही. मी दाबते, घासते, काही उमटत नाही. मोठी शांतपणे म्हणाली, आम्हीही करून बघितलं.

मोठीलाही धाकटी बहीण होती. ती कुठे आहे विचारलं. तिने जुन्यांपैकी एकीकडे बोट दाखवलं.

मंगळवार, २४

खडा पाठीला लावला. कळलंच नाही. टेबल हिरमुसलं.

चेहरा हसरा राहतो आपोआप. मी रडत होते तेव्हासुद्धा. हसू उतरवता येत नाही—

भिंगरी गुरुवारी दुपारी येणार. शिवणारी टेप घेऊन बसलीय.

बोलता येत नाही. लिहिता येतं. ही वही तिच्या हातात द्यायची. वाचेल. वाचायलाच हवं.

बुधवार, २५

आत द्यायची नाही. तो बघेल. तिचा हात धरून बाहेर आणायचं, उन्हात, आणि मग वही. ऊन मला सोसेल थोडा वेळ. पायरीपर्यंत तरी.

गुरुवार, २६

पायरीवर बसलेय.

आली. लाल ओढणी, केस कापलेत. ताई म्हणून गळ्यात पडली आणि शहारून मागे सरली. किती गार गं तू. त्यांनी तिला कोट दिला होता. आज ती पाहुणी.

मनगट धरलं. ओढलं. बाहेर. ऊन.

तिचं मनगट माझ्या हातातून निसटलं. मी घट्ट धरलं होतं. बोटं ओली. पुन्हा धरलं. पुन्हा निसटलं.

वही दिली. तिने पहिलं पान वाचलं. अस्वलं. कापड संपलेलं. हसायला लागली, ताई, तू म्हणजे ना! मी पान उलटलं. पुढचं. पुढचं वाच. पानं ओली, एकमेकांना चिकटली. ती हसतच होती, मीही हसत होते, माझं तोंडच तसं—

दारातून तो म्हणाला की तुझ्या ताईला बरं नाही, आत ये बाळा, बाहेर किती ऊन.

वही माझ्या मांडीवर ठेवून ती गेली.

दाराच्या काचेतून दिसतेय. पाय नाहीत उठायला. पेन्सिल दोन तळव्यांत धरलीय.

शिवणारी आली. मापं. तो तिच्या खांद्यावरून कोट काढतोय. खुंटीला अडकवला. भिंगरी दंड चोळतेय. तोंडातून वाफ येतेय तिच्या, खूप, अजून खूप येतेय.

एकदा मागे वळली तर खूण करीन. नको म्हणून. फक्त हात वर करायचा. वळतेय. वळली. हात व—