हेमाने पाहिल्याशिवाय जोड भरायचा नाही

मी, भिवा गणू केणे, वय एकसष्ट, धंदा फॅब्रिकेशन, राहणार मांडा, टिटवाळा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. पुढच्या आठवड्यात ठाण्याला माझे पोटाचे ऑपरेशन आहे. डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी वेगळ्या कागदावर लिहून दिले आहे. कोणाचे दडपण नाही. घरातली दोन माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, त्याला मी दडपण म्हणत नाही.

१. राहते घर पत्नी लक्ष्मी हिचे. तिच्या हयातीत ते कोणी विकू नये, गहाण टाकू नये, आणि मागच्या अंगणावर स्लॅब टाकण्याचा विषय तिच्यापुढे काढू नये. तिच्यामागे घर माझी मुलगी हेमा व मुलगा रतन यांना समान.

२. बँकेतली व पोस्टातली शिल्लक लक्ष्मीची.

३. मोहन्याच्या रस्त्यावरची शेड, तिच्याखालची जमीन, मशिने, टेम्पो आणि हत्यारे हेमा व रतन यांना मिळून देत आहे. वाटणी करू नये. मुलगी लग्न होऊन कल्याणला गेली, तिला शेड कशाला, असे माझे मेहुणे नाथा यांनी दिवाळीत सर्वांसमोर विचारले. त्या वेळी मी जेवत होतो. उत्तर इथे देतो. हेमा आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाली. कोणत्या जोडाची कड किती उतरती तासायची, दोन प्लेटींमध्ये फट किती ठेवायची, कोणती बाजू वेल्डिंगने आधी भरायची म्हणजे प्लेट ओढली जाणार नाही, हे आमच्याकडे ती ठरवते. रतन वेल्डिंग करतो. ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी नोकरीला होतो, तिथेही इतका स्थिर हात पाहिला नाही. एकाशिवाय दुसऱ्याचे काम उभे राहत नाही.

४. भांडण कशाचे, तेही लिहून ठेवतो. नाहीतर माझ्यामागे लोक जमिनीचे होते म्हणून सांगतील. गणपतीनंतर एका रंगाच्या कारखान्याची टाकी केली. एक प्लेट आखूड कापली गेली आणि फट फार मोठी राहिली. नवी प्लेट कापण्याऐवजी रतनने फटीत सळईचा तुकडा बसवला व वरून वेल्डिंग केले. जोड सुरेख दिसत होता. पाणी भरून पाहिले, गळला नाही. हेमाने ड्रॉइंगशी माप ताडून पाहिले आणि जोड ग्राइंडरने उघडला. सळई आत सुटी होती. मुळापर्यंत धातू पोचलाच नव्हता.

"यात कॉस्टिक भरणार आहेत रे, कातडी जाळणारं. खाली माणसं उभी असतात," हेमा म्हणाली.

"गळली का? नाय ना?"

"गळली असती तर निदान कळलं असतं. ग्रिलवाला आहेस तू, ग्रिलंच कर."

सगळे कामगार ऐकत होते. रतन माझ्याकडे वळला. "बाबा, मी बहिणीच्या हाताखाली नाय ऱ्हायचो."

ती टाकी आम्ही दुरुस्त करून दिली. तेव्हापासून रतन शेडमध्ये येतो आणि खरोखरच फक्त खिडक्यांची ग्रिलं करतो. त्याच कारखान्याच्या दुसऱ्या टाकीच्या प्लेटी कापून पडल्या आहेत.

५. म्हणून शेड या अटीवर देत आहे. ज्याच्यावर किंवा ज्याच्याखाली माणूस उभा राहतो अशा कामाचा कोणताही जोड, प्लेटी जागेवर धरणारे वेल्डिंगचे लहान टाके मारून झाल्यावर हेमाने पाहिल्याशिवाय रतनने भरू नये. कड गंजलेली असेल, फट कमीजास्त असेल, तर तिने नको म्हणावे आणि त्याने उघडावे. यात मानापमान नाही. एकदा भरला की जोडाच्या आत कोणालाच दिसत नाही, मलाही नाही. हेमाने चारचौघांत भावाला टोचून बोलू नये. ही अटही तेवढीच बंधनकारक आहे.

६. रतनला कलम पाच मान्य नसेल, तर त्याने नवे वेल्डिंग मशिन व टेम्पो घेऊन वेगळे व्हावे. शेड मग एकट्या हेमाची.

७. मेहुणे नाथा यांनी न विचारता नेलेली लोखंडी शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. तिला मी नुसते टाके मारले होते, जोड भरायचे राहिले होते. त्यांनी तिच्यावर चढू नये.

८. हे कलम मागाहून लिहीत आहे. वरचा कागद लक्ष्मीने दोन्ही मुलांना वाचायला दिला. मी तसे सांगितले नव्हते. आज सकाळी शेडमध्ये गेलो, तर रतनने पडलेल्या प्लेटी मांडून टाके मारले होते. हेमा टेबलाशी ड्रॉइंग काढत होती.

"ताई, बघून घे," तो म्हणाला.

ती बॅटरी घेऊन वाकली. "इकडे ठीक. इथे फट बंद झालीये."

"थोडीशीच गं."

"मग थोडंसंच तोड."

तो हसला नाही. छिन्नी घेतली, टाका तोडला, प्लेट सरकवली. तिने पुन्हा पाहिले आणि मान डोलावली. त्याने चेहऱ्यावर वेल्डिंगची काच ओढली.

कलम सहा मी खोडले आहे. खोडलेल्या प्रत्येक ओळीपुढे माझी सही आहे. बाकी सर्व कायम.

सही: भिवा गणू केणे

आमच्यासमोर त्यांनी कागद वाचला, सही केली, आणि त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. विठ्ठल मोरू नाखवा, चेंदणी, ठाणे
२. रंगूबाई जोमा भोईर, मांडा, टिटवाळा

स्थळ: शेड, मोहने
रविवार, ५ डिसेंबर १९९३