मधेच तुटणारी लोकर

१२ एप्रिल

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक. काळ्या मेंढीला जुळं झालं. त्यातलं एक आईला सोडून माझ्याच मागे फिरतं. माझे गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ते नेहमीचंच.

तुझं पत्र वाचून आधी रागच आला. म्हणे यंदाची लोकर चरख्यावर तुटते, परत पाठवते. मनात म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. वर 'मेंढ्यांना नीट खायला घालत जा' हा सल्ला. उंटावरून शेळ्या हाकायला तुझं काय जातंय?

तरी गोठ्यात उरलेल्या पोत्यातली एक बट काढून बघितली. बाबा दोन्ही टोकं चिमटीत धरून कानाशी ताणतात ना, तशी. तुटली. दुसरी काढली, तीही तुटली, आणि त्याच जागी, बरोबर मधे. मग मी गोठ्यातच बसले.

मेंढीचे हाल झाले की त्या दिवसांत वाढलेला केस बारीक येतो, हे तुला बाबांनीच शिकवलंय. तेव्हा आता लपवण्यात अर्थ नाही. डिसेंबरात मेंढ्या अर्धपोटी राहिल्या. मी दवाखान्यात होते. शेजारीण जमेल तसा चारा टाकून जायची.

बाबांची उजवी बाजू गेली, ठमे. जीभही जड झालीय. फोनवर तू त्यांना विचारतेस आणि मी दर वेळी सांगते, 'मेंढ्यांकडे गेलेत.' ते कुठेही गेलेले नसतात. खाटेवर पडून माझं खोटं ऐकत असतात. तुझे माग नुकते सुरू झाले होते. तू सगळं टाकून धावत आली असतीस, म्हणून मी मूठ झाकून ठेवली. ती मेंढ्यांनी उघडली.

काल त्यांना ती लोकर दाखवली. एका हाताने कशी ताणणार? एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी. तुटली, तशी मान हलवली आणि कसंबसं म्हणाले, 'आता सांग तिला.'

मी थकले गं. मेंढ्यांचं करा, यांचं करा, आणि वर हे नाटक. एकटीच्याने होत नाही आता. लोकर परत पाठवू नकोस. तूच ये.

खोटं बोलून दमलेली,
तुझी आई