नदी ओलांडून आलेली तार

आप्पा, तुम्हाला जाऊन पस्तीस वर्षं झाली आणि मला तुमचा अजून राग येतो. वय वाढलं की राग निवतो असं लोक सांगतात. माझा निवला नाही. उलट साठी आल्यावर, नोकरीतून मोकळी झाल्यावर, त्याला बसायला जागाच जास्त मिळाली. सकाळचा चहा झाला की तो येऊन बसतो. म्हणून आज वही घेतली. तुम्ही हयात असताना जे बोलायचं होतं त्यातलं निम्मं बोलले, निम्मं गिळलं. गिळलेलं पचलं नाही, एवढंच.

मी सहा वर्षांची असताना तुम्ही आफ्रिकेला गेलात, तिथल्या रेल्वेच्या कोठारात कारकून म्हणून. पुढच्या दहा वर्षांत तुम्ही दोनदा कर्जतला आलात. मला तुमचा चेहरा पाठ होता तो भिंतीवरच्या फोटोतला, खाकी टोपी घातलेला. तुमची पत्रं मात्र नियमित यायची, आणि त्यांत आम्ही कमी आणि जनावरं जास्त असायची. तुम्ही कॅमेरा घेतला होता. रजा साठवून तुम्ही जंगलात तळ ठोकायचात, तोही भर पावसाळ्यात. बाकीचे फोटोवाले उन्हाळ्यात जातात, तुम्ही लिहायचात, कारण तेव्हा गवत वाळलेलं असतं आणि सगळी जनावरं पाणवठ्यावर आयती सापडतात. पण पावसात त्यांना पिल्लं होतात. पाऊस थांबला की घटकाभर जो उजेड पडतो तसा वर्षभर पुन्हा पडत नाही. गवत छातीएवढं वाढतं, काळ्या मातीत मोटारीची चाकं रुततात, फोटोच्या काचेच्या प्लेटांना बुरशी धरते, तरी त्या घटकाभरासाठी माणसानं महिना घालवावा. आई ही पत्रं मला मोठ्यानं वाचायला लावायची. वाचून झालं की म्हणायची, "आणि आपल्याबद्दल?" मी पान उलटून सांगायची, "आशीर्वाद लिहिलाय."

आईला विषमज्वर झाला तो चैत्रात. स्वातंत्र्य यायला चार महिने होते. तुमच्याकडे तो पावसाचा हंगाम आणि आमच्याकडे विहिरी तळाला गेलेल्या. मी सोळा वर्षांची. डॉक्टरांनी मला अंगणात बोलावून सांगितलं, "वडलांना कळव." मी स्टेशनाजवळच्या पोस्टात जाऊन तुम्हाला तार केली. इंग्रजी मजकूर पोस्टमास्तरांनी लिहून दिला. आई अत्यवस्थ आहे, ताबडतोब उत्तर द्या. या म्हटलं नव्हतं, आप्पा. बोटीला किती दिवस लागतात ते मला ठाऊक होतं. मी उत्तर मागितलं होतं.

त्यानंतर आई अकरा दिवस जगली. रोज दुपारी तिचा ताप थोडा उतरायचा आणि ती विचारायची, "काही आलं का गं?" मी पायात वहाणा अडकवून पोस्टात जायची. रस्त्याचं डांबर वितळलेलं असायचं. पोस्टमन आमच्या खालच्या गावातला म्हातारा माणूस, मला लांबून बघूनच मान हलवायचा. "आज बी नाय गं पोरी. आली की मी सोता पळत घेऊन येन, तू उनाची नको येऊस." तरी मी जायची. आठव्या दिवशी परत येताना माझा पाय घराकडे वळेना. आईनं पुन्हा विचारलं असतं आणि मी पुन्हा नाही म्हटलं असतं. मग मी दप्तरातला एक कागद घेतला, घडी घातली, आणि तिच्या उशाशी बसून वाचला. "निघालो आहे. बोट मिळाली. काळजी करू नकोस. तुझ्यासाठी येत आहे."

तुम्ही आयुष्यात आईला असं एक वाक्य लिहिलं नव्हतंत. तिनं ते मला तीनदा वाचायला लावलं. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मी तुम्हाला सांगणार नाही. ते तुमचं नव्हे. मग ती म्हणाली, "वाल भिजत घाल गं. त्यांना बिरडं आवडतं." आणि लगेच स्वतःच हसली. "वेडी मी. आत्ता नको. पंधरा दिवस लागतील बोटीला. मोड फार मोठे होतील." तिसऱ्या दिवशी ती गेली.

तुमचं पत्र आलं ते दीड महिन्यानं. अक्षर नेहमीसारखं सुरेख. या वर्षी पाऊस भयंकर, नदीला महिनाभर पूर, तळाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटला होता, एकही माणूस पोचू शकला नाही, तार हाती पडली ती सगळं संपल्यावर, दैवापुढे इलाज नाही. मी विश्वास ठेवला. शेजारच्या मावशींना वाचून दाखवून त्या पत्रावर मी रडले, तुमच्यासाठी रडले. बिचारे आप्पा, पलीकडे अडकून पडले, असं मी म्हणाले. हे आठवलं की आजही कानशिलं तापतात.

पुढच्या वर्षी तुम्ही नोकरी सोडून कायमचे आलात. चार पेट्यांपैकी तीन फोटोंच्या काचांच्या. आषाढात शाळेनं तुम्हाला रविवारी दुपारी व्याख्यानाला बोलावलं, काचेवरचं चित्र पडद्यावर पाडणाऱ्या जादूच्या कंदिलासह. खिडक्यांना घोंगड्या लावल्या होत्या, बाहेर पाऊस, आत अर्धं कर्जत आणि ओल्या छत्र्यांचा वास. काचा बदलायला मी. तुम्ही सुरेख बोलता हे मला त्या दिवशी कळलं. घरात तुम्ही "मीठ दे" यापलीकडे बोलत नव्हतात. जिराफ झाले, पुरातून पोहणारे हत्ती झाले, आणि मग तुम्ही आवाज खाली आणून सिंहिणीवर आलात.

"मंडळी, सहा दिवस मी त्या खडकांसमोर बसून होतो. आत तिची पिल्लं आहेत हे मला ठाऊक. पाऊस थांबेना. सातव्या दिवशी थांबला. उजेड असा, की जणू धुऊन वाळत घातलाय. सिंहीण उठली. आणि नेमका तेव्हा मागून ओरडा, 'ब्वाना! ब्वाना!', म्हणजे साहेब, साहेब. वळून बघतो तर एक माणूस नदीतून येतोय. पाणी गळ्याएवढं, डोक्याला मेणकापड गुंडाळलेलं, त्यात एक कागद. महिन्याभरात तळावर आलेला हा एकटा प्राणी, आणि तो ह्या मुहूर्तावर!" लोक हसले. "मी हातानंच त्याला गप्प केलं. कागद खिशात कोंबला. आणि सिंहीण पिल्लू तोंडात धरून बाहेर आली."

तुम्ही माझ्याकडे बघून खूण केलीत. मी काच सरकवली. टाळ्या पडल्या. मी कंदिलाच्या गरम पत्र्यावर हात ठेवून उभी होते आणि भाजतंय हे मला कळलं नाही. एकही माणूस पोचला नाही, असं तुम्ही लिहिलं होतंत.

घरी आल्यावर तुम्ही पाटावर बसलात. मी ताट वाढलं नाही. विचारलं, "तो कागद कसला होता?"

तुम्ही पाण्याचा तांब्या पुढे ओढलात. मग म्हणालात, "तार."

"आमची?"

"हो."

"केव्हा वाचलीत?"

"त्याच संध्याकाळी. तू केल्यावर चौथ्या दिवशी. हे बघ, बोटीनं पंधरा दिवस..."

"मी या म्हटलं नव्हतं. उत्तर मागितलं होतं. तो माणूस परत कधी गेला?"

"दुसऱ्या दिवशी सकाळी."

"रिकामा?"

तुम्ही खोटं बोलू शकला असतात. पण नेमकं तेव्हाच तुम्हाला खरं बोलायचं सुचलं. "नाही. त्याच्याबरोबर प्लेटा पाठवल्या. दमट हवेत खराब झाल्या असत्या."

प्लेटा, आप्पा. तो माणूस गळ्याएवढ्या पाण्यातून तुमच्या काचा डोक्यावर घेऊन गेला. त्यांच्याबरोबर एक चिठ्ठी गेली असती तर तिचं वजन किती झालं असतं? तुम्ही म्हणालात, "काय लिहावं सुचेना. येतो म्हणावं तर येणं शक्य नव्हतं. येत नाही म्हणावं तर ते तिला कसं सांगणार?" आणि मग, अगदी मऊ आवाजात, "मावशी सांगत होत्या, तू तिला मी निघालोय म्हणून सांगितलंस. शांतपणे गेली म्हणे. बरं केलंस तू."

बरं केलंस! मी केलेल्या पापावर तुम्ही निवांत पाठ टेकून बसलात. मी सोळाव्या वर्षी मरणाऱ्या आईशी खोटं बोलले, ते तुमची जागा रिकामी दिसू नये म्हणून, आणि तुम्ही मला शाबासकी दिलीत. मी पातेलं उचललं आणि आमटी मोरीत ओतली. त्या दिवशी तुम्ही उपाशी झोपलात. एवढंच मला करता आलं.

आठ दिवसांनी खालापूरला तुमचं दुसरं व्याख्यान होतं. काचांचा क्रम मलाच माहीत, म्हणून तुम्ही मला न्यायला निघालात आणि मी मुकाट्यानं निघाले. माझ्या मनात ठरलेलं होतं. खोपोलीपर्यंत गाडीनं आणि पुढे टांग्यानं गेलो, काचांची पेटी माझ्या मांडीवर. शाळेच्या पडवीत तालुक्यातली मंडळी दाटीनं बसलेली. तुम्ही पुन्हा सिंहिणीवर आलात, पुन्हा तो माणूस नदीतून आला, पुन्हा हशा. तुम्ही खूण केलीत. मी काच हातातच धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "आप्पा, तो कागद कसला होता ते सांगा ना."

काही माना माझ्याकडे वळल्या. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, "हा, सांगा की! काय व्हता त्यात?" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. तुमचे डोळे विनवत होते, हे मी मान्य करते. मी नजर हलवली नाही. मग तुम्ही लोकांकडे वळलात, हसलात, आणि म्हणालात, "कचेरीचा हो! रजा संपली म्हणून!"

काय हसले लोक! आणि मी, आप्पा, मी ती काच आत सरकवली. ओरडायला हवं होतं. काच फरशीवर आपटायला हवी होती. वाटेत मी तिचे तुकडे झालेले मनात कितीदा पाहिले होते. पण शंभर माणसं चित्राची वाट बघत होती आणि माझा हात चालला. सिंहीण आली, मानेवरून पाणी निथळतंय, पिल्लाचे पाय लोंबतायत. "आई गं," ती म्हातारी म्हणाली, "कसं लेकराला उचललंया!" त्या दिवसापासून मला तुमच्याइतकाच माझाही राग येतो.

महिन्याभरात मी खोपोलीच्या शाळेत शिकवायला लागले आणि तिथेच खोली घेतली. सणाला यायची, डबा भरून आणायची, तुमच्या धोतराचे काठ शिवून द्यायची, आणि बोलायची नाही. तुम्हीही पुन्हा तो विषय काढला नाहीत. आठ वर्षं आपण अशी काढली. शेवटच्या आजारात तुम्ही माझा हात धरून "माझं चुकलं" म्हणाल, असं मला वाटत होतं. तुम्ही पाणी मागितलंत, पांघरूण मागितलंत, एकदा विचारलंत की पावसानं पेट्या ओल्या तर झाल्या नाहीत ना. चुकलं म्हणाला नाहीत. मी वाट बघितली आणि तुम्ही गेलात. पेट्या मी शाळेला देऊन टाकल्या. तिथे त्यांचं काय झालं ते मी कधी विचारलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही. फाडेन, नाहीतर वहीत राहील. पण खोटं पत्र लिहायचा आपल्या घरात एकाला पुरेसा सराव होता, म्हणून एक खरं सांगून थांबते. तीसच्या वर वर्षं मी भूगोल शिकवला. दर वर्षी आफ्रिकेचा धडा यायचा आणि मी पुस्तक मिटून ठेवायची. गवत किती वाढतं, माती कशी चिकटते, पाऊस थांबल्यावरचा तो घटकाभर उजेड, सगळं सांगायची. मुली श्वास धरून ऐकायच्या. मग एखादी विचारायची, "बाई, तुम्हाला कसं माहीत?" मी म्हणायची, "माझे वडील तिथं होते." एवढ्या वर्षांत हे वाक्य मी एकदाही रागानं म्हटलं नाही.